पुढे कोण चालणार

मला राग लवकर येतो, हे आधीच सांगून टाकतो, म्हणजे नंतर कुणाची तक्रार नको. उशिरा येणाऱ्याचा राग येतो, रांग मोडणाऱ्याचा येतो, आणि ‘हा काय, निघालोच’ असं फोनवर सांगून अंघोळीला जाणाऱ्याचा तर फारच येतो. चौतीस वर्षं एसटीत काढली. त्यातली शेवटची एकोणीस मध्यवर्ती बसस्थानकावर वाहतूक नियंत्रक म्हणून. सहाची कन्नडला जाणारी गाडी सहालाच सुटली पाहिजे, मग ड्रायव्हरचा चहा अर्धा राहिला तरी बेहत्तर. माझी शिट्टी वाजली की फलाटावरची कुत्रीसुद्धा उठून बाजूला व्हायची.

मग एक दिवस शाल-श्रीफळ देऊन मला घरी पाठवलं. घरी आल्यावर नियंत्रण कशाचं करायचं? मी दूधवाल्याच्या वेळा लिहायला लागलो. सारजा, म्हणजे आमची मंडळी, स्वयंपाक करत असली की दारात उभा राहून विचारायचो, भाजी किती वाजता, पोळ्या किती वाजता. आठवडाभर तिने ऐकून घेतलं. मग लाटणं हातात धरूनच म्हणाली, “अहो, हे काय बसस्टँड नाय. उद्यापासून सकाळी दोन तास घराबाहेर राहायचं. कुठं जायचं ते तुमचं तुम्ही बघा.”

म्हणून मी गोगाबाबा टेकडीवर फिरायला जायला लागलो, आणि तिथेच ही मंडळी भेटली.

टेकडीच्या पायथ्याशी वीसेक माणसं घोळक्याने उभी होती. कुणी विशीतलं, कुणी पन्नाशीचं. पाठीवर पिशव्या, तोंडावर घाम, आणि हसणं असं की जणू सगळ्यांना एकदमच बढती मिळाली. एक मुलगी बोट दाखवून मोजत होती. तिने तीनदा मोजलं, तिन्ही वेळा एकोणीस आले, आणि दर वेळी तिचा चेहरा आणखी उतरला. मला राहवेना. अशा वेळी मला राहवतच नाही.

“स्वतःला धरलं का?” मी विचारलं.

तिने कपाळावर हात मारला. सगळे खो खो हसले. ती मुलगी म्हणजे प्रेरणा. छावणी भागात राहते, गुडघे-कंबरा दुखणाऱ्यांना व्यायाम शिकवायचा तिचा दवाखाना आहे. मला म्हणाली, “काका, तुमच्यासारखं कुणीतरी पाहिजेच होतं आम्हाला. पुढच्या रविवारी या की.”

या मंडळाचं नाव काय, तर ‘उंडगे’. मालक कुणी नाही, कचेरी नाही, पगारी माणूस नाही. जो तो आपला डबा आणतो, दर महिन्याला एक डोंगर ठरतो, आणि सगळी व्यवस्था हौसेने आपापसात वाटून घेतात. घरी नाव सांगितल्यावर सारजा म्हणाली, “बरोबर जागी पोचलात.”

चहा पिताना प्रेरणाने डिसेंबरचा बेत सांगितला. कळसूबाई. महाराष्ट्रातलं सगळ्यात उंच शिखर. पण त्यांचा नियम पक्का होता. नव्या माणसाने आधी तीन ट्रेक करायचे, तिन्ही वेळा माथा गाठायचा, तरच कळसूबाईच्या यादीत नाव. डिसेंबरच्या आत तीनच ट्रेक होते. म्हणजे एकही हुकून चालणार नव्हता.

कळसूबाई हे नाव ऐकलं आणि हातातला चहा मी तसाच खाली ठेवला. खरं सांगतो. आयुष्यभर मी लोकांना पाठवलं. कुणी लग्नाला, कुणी यात्रेला, शाळेच्या सहली तर शेकड्याने. सगळ्यांना हात दाखवून सोडलं आणि मी फलाटावरच. मी स्वतः कुठे गेलो? नाशिकला खात्याच्या परीक्षेला आणि पैठणला सासुरवाडीला. आता मला जायचं होतं, आणि जायचं तर सगळ्यात उंच जायचं होतं. त्या रात्री मला नीट झोप लागली नाही. साठीला टेकलेला माणूस, आणि सहलीच्या आदल्या दिवशी पोरं करतात तसं मी कुशीवर कुशी बदलत होतो.

पहिला ट्रेक भांगसीमाता गडाचा. पहाटे साडेपाचला बाबा पेट्रोल पंपावर जमायचं होतं. मी पाच वाजून दहा मिनिटांनी हजर. बाकीचे सावकाश येत होते. शेवटचा माणूस पाच बावन्नला आला आणि वर ‘गुड मॉर्निंग’ म्हणाला. मी त्याला जे ऐकवलं ते इथे लिहीत नाही.

पायथ्याला पोचल्यावर प्रेरणा म्हणाली, “पहिली दहा मिनिटं सगळ्यांनी आपापल्या चालीनं चला. वर झाडापाशी थांबू.” सगळे निघाले. मी मागे राहून एकेकावर नजर ठेवली. जबाबदार माणूस मागेच राहतो. त्यामुळे झाडापाशी मी सगळ्यात शेवटी पोचलो, थोडी धापही लागली होती, पण ती सकाळच्या गारठ्यामुळे.

प्रेरणाने माझ्याकडे पाहिलं. पायांकडे पाहिलं. मग म्हणाली, “काका, आता रांग लावू. तुम्ही सगळ्यात पुढं चला. तुमच्या पुढं कुणी जाणार नाय.”

काय सांगू! पहिलाच दिवस, आणि माझ्या हाती अख्खी रांग. चौतीस वर्षांची नोकरी अशी चेहऱ्यावर दिसते. माझ्या मागे एकोणीस माणसं, आणि सगळ्यात शेवटी संघपाल नावाचा तगडा माणूस, औषधांची पिशवी घेऊन. तो वाळूजला कंपनीत कामाला. त्याच्या जागेला ते ‘शेपूट’ म्हणतात. मला त्याची कीव आली. एवढा धडधाकट गडी आणि बिचाऱ्याला शेपूट केलंय.

मी चाललो की रांग चालायची. मी थांबलो की अख्खी रांग जागच्या जागी थांबायची, चूं की चां नाही. दर शंभर पावलांवर मी थांबायचो, कमरेवर हात ठेवायचो आणि खालचा मुलूख न्याहाळायचो. कुणीही ‘चला’ म्हणून ओरडलं नाही. अशी शिस्त मी एसटीतही पाहिली नव्हती. वर पोचल्यावर सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. मी हात उंचावून टाळ्या थांबवल्या आणि वेळ पाळण्याचं महत्त्व यावर दोन शब्द बोललो. तेही त्यांनी मुकाट ऐकलं.

घरी आल्या आल्या सारजाला सांगितलं, “पहिल्याच दिवशी लीडर केलं मला.” ती पाणी देता देता थांबली. “खरंच?” म्हणाली, आणि सगळं खोदून खोदून विचारायला लागली. चढण किती होती, बायका किती होत्या, दमल्यावर काय करतात. मी म्हटलं, दमायचा प्रश्नच येत नाही, मी पुढे असतो ना. संध्याकाळपर्यंत पैठणच्या मेव्हण्याला, गुलमंडीतल्या कापडवाल्याला आणि आमच्या अख्ख्या गल्लीला कळलं होतं की नानासाहेब शेजूळ लीडर झाले.

बसस्टँडसमोरच्या टपरीवर आम्ही सेवानिवृत्त लोक दर मंगळवारी जमतो. तिथेही सांगितलं. कशी रांग होती, कसा मी पुढे, कसं कुणी ओलांडून गेलं नाही. सगळे वाहवा करत होते. फक्त कडुबा चहाच्या ग्लासात बघत बसला होता. कडुबा म्हणजे माझ्याच वेळचा ड्रायव्हर, सिल्लोडकडचा. एकोणीस वर्षं मी शिट्टी मारली आणि त्याने गाडी काढली.

“तुम्ही थांबलात की सगळे थांबत्यात?” त्याने विचारलं.

“सगळे!”

“लई भारी,” कडुबा म्हणाला आणि पुन्हा ग्लासात बघायला लागला.

दुसऱ्या ट्रेकला, म्हैसमाळला, पुन्हा मीच पुढे. या वेळी मी तयारीने गेलो. जुनी शिट्टी सोबत घेतली. जित्याची खोड मेल्याशिवाय जात नाही म्हणतात ते उगाच नाही. अर्ध्या चढणीवर मला रांग विस्कळीत वाटली, म्हणून मी तीनदा कडक शिट्टी मारली. त्यासरशी काय गोंधळ! माणसं मटकन खाली बसली. संघपाल शेपटाकडून पिशवी घेऊन असा पळत आला की मला वाटलं वाघ दिसला. “कुणाला काय झालं? साप? कोण पडलं?” डोंगरात तीन शिट्ट्या म्हणजे जीव धोक्यात आहे, धावा, असा त्यांचा संकेत.

“काही नाही,” मी म्हणालो. “तयारी तपासत होतो. एक मिनिट चाळीस सेकंद लागले. अजून कमी व्हायला पाहिजेत.”

संघपाल धापा टाकत माझ्याकडे बघत राहिला. मग हसला आणि पिशवी खांद्याला अडकवून परत शेवटी गेला. तो संकेत मंडळाच्या नियमांत लिहिलेला होता, असं नंतर कळलं. ते सगळे नियम प्रेरणाने पहिल्याच दिवशी माझ्या फोनवर पाठवले होते. मी वाचले नव्हते. नियम लोकांना वाचून दाखवायची सवय असलेला माणूस स्वतः नियम वाचत नाही.

आता राहिला फक्त तिसरा ट्रेक. नोव्हेंबरमध्ये, वेताळवाडीचा किल्ला, सोयगावच्या बाजूला. तो केला की कळसूबाई. मी भिंतीवरच्या कॅलेंडरवर डिसेंबरच्या त्या रविवारभोवती लाल गोल काढून ठेवला होता. सारजा फुगलेले पाय ओढत जाता-येता त्या गोलाकडे बघायची.

निघायच्या दोन दिवस आधी टपरीवर कडुबा म्हणाला, “साहेब, मी बी येतो. तुम्ही लीडर हाईत म्हणल्यावर भ्या कशाचं?”

मला इतका आनंद झाला की चहाबरोबर मी त्याला खारीही खायला घातली.

दोन क्रूझर गाड्या करून आम्ही पहाटे निघालो. सिल्लोड ओलांडलं तेव्हा फटफटलं, आणि आठच्या सुमाराला पायथ्याच्या गावात उतरलो. वर किल्ला दिसला आणि माझ्या तोंडून आपोआप ‘अरे वा’ निघालं. डोंगराच्या डोक्यावर तटबंदी, खाली पिवळं पडलेलं गवत, आणि आभाळ धुऊन वाळत घातल्यासारखं स्वच्छ. प्रेरणाने सगळ्यांना बजावलं, “अकरा वाजता जिथं असू तिथून परत फिरायचं. मग माथा दहा पावलांवर असला तरी. उन्हात कुणाला त्रास नको.”

नेहमीप्रमाणे पहिली दहा मिनिटं मोकळी चाल झाली. या वेळी मी मधल्या माणसांच्या मागोमाग, शेवटून दुसरा पोचलो, कारण कडुबा मागे होता आणि त्याच्यासाठी थांबण्यात मला अर्थ वाटला नाही. तो शेवटी आला, एक हात गुडघ्यावर. प्रेरणाने त्याच्याकडे पाहिलं. पायांकडे पाहिलं. आणि म्हणाली, “कडुबा काका, तुम्ही सगळ्यात पुढं चला. नाना काका, तुम्ही त्यांच्या मागं.”

मला आधी वाटलं तिची काही चूक झाली. मग कळलं, चूक नाही. आणि माझं डोकं सटकलं.

“का?” मी ओरडलो. “माझं काय चुकलं? दोन ट्रेक मी पुढे राहून पार पाडले, एक माणूस इकडचा तिकडे झाला नाही! हा आज आला, आजच लीडर? याने आयुष्यभर माझ्या शिट्टीवर गाडी काढलीय!”

पोरं आपापल्या बुटांकडे बघायला लागली. कडुबाच्या चेहऱ्यावरची रेषसुद्धा हलली नाही. तो शांतपणे म्हणाला, “साहेब, चिडू नका. येक दिवस मला बी लीडर होऊ द्या की.”

संघपालने माझा दंड धरला आणि मला जरा बाजूला, झाडाआड नेलं. “काका,” तो हळूच म्हणाला, “आपल्यात लीडर-बिडर कुणी नसतंय. जो सगळ्यात सावकाश चालतो, त्याला पुढं ठेवायचं असतं. त्याच्या चालीनं सगळ्यांनी चालायचं. आम्ही सुरू केलं तवा एक जण मागं पडला होता, तीन तास सापडला नाय. तवापासून हाच नियम. तुम्हाला ठाऊक असंल असंच वाटलं आम्हाला.”

माझे कान तापले. भांगसीमाता गड आठवला. शंभर पावलांवर थांबणं, कमरेवरचे हात, मुलूख न्याहाळणं. माझी शिस्त कसली? मी दमून थांबत होतो आणि ती एकोणीस माणसं माझ्यासाठी थांबत होती. वर माझं भाषण! आणि अख्ख्या गल्लीत, पैठणपर्यंत, माझा डंका. जमीन दुभंगली तर बरं, असं वाटणं म्हणजे काय ते त्या दिवशी कळलं.

“म्हणजे आज मी...” मी विचारलं.

“आज तुम्ही दोन नंबर,” संघपाल म्हणाला. “दोन महिन्यांत चाल लई सुधारली तुमची. प्रेरणाताई मघाशी तेच म्हणत होती.”

आता यावर रागवावं की खूश व्हावं? मी दोन्ही एकदम झालो. तसाच परत फिरून गाडीत जाऊन बसावं, असंही एकदा मनात आलं. पण कॅलेंडरवरचा लाल गोल डोळ्यांपुढून हलेना. आणि रांगेच्या तोंडाशी कडुबा छाती काढून उभा होता. माझ्या बढायांवर विश्वास ठेवून आलेला, बिचारा. त्याला हे कळलं तर? मला जे आता झालं, तेच त्यालाही होणार. मी जाऊन त्याच्या मागे उभा राहिलो आणि म्हणालो, “चल लीडर. काढ गाडी.”

कडुबा खरंच हळू होता. माझी चाल त्याच्यापुढे जलद गाडीची. वीस पावलं चालायचा, थांबायचा, गुडघा चोळायचा. तो थांबला की मी मागे वळून सांगायचो, “लीडर रस्ता बघतायत, थांबा सगळे.” सगळे थांबायचे. माझ्यासाठीही ही माणसं अशीच थांबली होती, हसू दाबत नव्हती, घड्याळ बघत नव्हती. आणि मी त्यांना वेळ पाळायला शिकवत होतो.

दहा वाजले तेव्हा आम्ही निम्म्या चढणीवर होतो. प्रेरणा पुढे आली, वरचा अंदाज घेतला, आणि मला बाजूला घेऊन हलक्या आवाजात म्हणाली, “काका, या चालीनं अकराला माथा होईल असं वाटत नाय. आता दोन तुकड्या करू. मी जलद चालणाऱ्यांना घेऊन पुढं जाते, संघपाल कडुबा काकांसोबत मागून येईल. तुम्ही माझ्यासोबत चला. तुमची तिसरी ट्रिप आहे. आता थांबलात तर कळसूबाई हुकेल.”

जलद चालणाऱ्यांत मी! आयुष्यात पहिल्यांदा कुणीतरी मला जलद गाडीत बसवत होतं. माझे पाय अक्षरशः शिवशिवले. वर तटबंदी दिसत होती, बुरूज दिसत होता, आणि माझ्या छातीत अजून भरपूर दम होता. एकट्याने गेलो असतो तर अर्ध्या तासात पोचलो असतो.

पण मी कडुबाला ओलांडून गेलो की त्याला काय दिसणार? की लीडरला मागे टाकून सगळे निघून गेले. मग आपण कसले लीडर होतो, हे समजायला त्याला संघपालची गरज उरली नसती.

“तू जा,” मी प्रेरणाला म्हणालो. “मी कडुबासोबतच येतो.”

“काका, नियम नियम असतो. अकराला मी वरून खाली फिरणार. मग माझ्याकडं कळसूबाई मागू नका.”

“नियम मला शिकवू नकोस,” मी म्हणालो. हे सवयीने तोंडातून गेलं, पण ती हसली.

पंधरा-सोळा जण आमच्या बाजूने पुढे गेले. कडुबा बघत होता. मी घाईघाईने म्हणालो, “हे पुढे पाहणीला चाललेत. मंत्री येतो तेव्हा पुढे पायलट गाडी जाते की नाही? तसं. मुख्य गाडी तूच.”

कडुबाने गंभीरपणे मान हलवली. “व्हय, पायलट पाहिजेच,” म्हणाला.

मग मी त्याच्या मागे लागलो. ओरडून नाही, आयुष्यात पहिल्यांदाच न ओरडता. काठी कुठे टेकायची ते सांगितलं. पाणी दिलं. त्याची पिशवी संघपालने घेतली, त्याचा डबा मी घेतला. त्याला बोलतं ठेवायला त्याच्या जुन्या डेपोतल्या भानगडी विचारल्या, पण त्याला बोलायला दम नव्हता, म्हणून मीच सांगत राहिलो. दहा वाजून पस्तीस. दरवाजा आला. दोन भक्कम बुरूज, त्यांच्यामधून वळसा घेऊन आत जाणारी वाट, आणि आत शिरल्यावर अंगावर आलेली गार सावली. कडुबा तिथे बसला. मला वाटलं, संपलं. संघपालने घड्याळ पाहिलं आणि माझ्याकडे पाहिलं. दहा सत्तेचाळीस.

“उठ,” मी म्हणालो. “कडुबा, उठ रे. मला माथा गाठायचाय. तुझ्याशिवाय गाठायचा नाही, पण गाठायचाय.”

तो उठला. मी त्याच्या पाठीला हात लावून ढकललं, संघपालने हात धरून ओढलं. वर गवतातून पायवाट गेली होती, तिच्यावर कडुबा चक्क भरभर चालायला लागला, तोंडाने ‘हं, हं’ करत. वर पुढे गेलेली पोरं आम्हाला बघून ओरडायला लागली. “काका! काका! सहा मिनिटं! काका, चार!” मीही ओरडत होतो, काय ते आठवत नाही. धान्य साठवायचा पडका अंबारखाना मागे गेला, जमीन सपाट झाली, आणि एकदम समोर काही उरलंच नाही. खाली दूरवर खान्देश पसरला होता, शेतं, पाणी, गावं, आणि वारा असा की टोपी धरून ठेवावी लागली.

“दहा अठ्ठावन्न!” प्रेरणा किंचाळली आणि तिने आम्हा दोघांनाही मिठी मारली. “कळसूबाई, नाना काका! कळसूबाई!”

मी नाचलो. होय, नाचलो. नानासाहेब शेजूळ, माजी वाहतूक नियंत्रक, वेताळवाडीच्या माथ्यावर दोन्ही हात वर करून नाचला. याचा व्हिडिओ त्या पोरांकडे आहे, तेव्हा खोटं बोलून उपयोग नाही.

नाच संपल्यावर कडुबाशेजारी गवतात बसलो. त्याचा श्वास हळूहळू जागेवर येत होता. मग तो गदगदा हलायला लागला. मला वाटलं रडतोय. तो हसत होता.

“पायलट गाडी!” तो म्हणाला. “साहेब, पायलट गाडी! लई सोसलं मी ते, हसू दाबताना गुडघ्यापेक्षा पोट जास्त दुखलं.”

मी त्याच्याकडे वळलो. “तुला माहीत होतं?”

“आमच्या गावातून जत्रंला बैलगाड्या निघायच्या, तवा ज्याचे बैल थकलेले, त्याची गाडी पुढं घालायचे. म्हंजे कुणी मागं राहत नाय. तुम्ही टपरीवर सांगितलं, मी थांबलो की सगळे थांबतात, तवाच कळलं मला.”

“मग तेव्हाच का बोलला नाहीस? गावभर बोंबलत फिरलो मी!”

कडुबाने गवताची काडी तोडली. “आठ म्हैनं झाले तुम्हाला घरी बसून. टपरीवर यायचे, कोपऱ्यात बसायचे, चहा पिऊन जायचे. त्या दिवशी पहिल्यांदा तुमचा आवाज बसस्टँडवरच्यावानी आला. म्हणलं, लीडर तर लीडर. आपलं काय जातंय?”

मी त्याच्या गुडघ्यावर हात ठेवला आणि चोळत बसलो. जोरात चोळला असणार, कारण तो ‘हळू, साहेब’ म्हणाला.

मग मी फोन काढला. माथ्याच्या एकाच कोपऱ्यात रेंज येत होती, तिथे एका दगडावर चढून उभा राहिलो आणि सारजाला लावला.

“ऐक,” मी म्हणालो, “माथा झाला. कळसूबाई पक्की. आणि दुसरं, मी लीडर नाही. कधीच नव्हतो. मी सगळ्यात हळू चालत होतो, म्हणून मला पुढे ठेवलं होतं. इथे जो सगळ्यात हळू, त्याला पुढे ठेवतात आणि बाकीचे त्याच्या चालीने चालतात. आज मी खालून दुसरा आलो! मेव्हण्याला सांग, गल्लीत सांग, कुणालाही सांग!”

पलीकडे भांडं आपटल्याचा आवाज आला.

“सारजा?”

“हे दोन म्हैन्यांपूर्वी का नाय सांगितलं?” ती म्हणाली. आवाज वेगळाच येत होता, रागावल्यासारखा आणि तसा नाहीही. “मला पहिल्याच दिवशी यायचं होतं. रोज त्या लाल गोलाकडं बघत होते मी. म्हणलं, हे लीडर, आपण फुगलेल्या पायांनी चालणार, सगळे पुढं जातील आणि आपण एकट्याच मागं राहू. म्हणून गप बसले.”

वारा कानात शिरत होता. दोन महिने मी ज्या गोष्टीचा डंका पिटत होतो, त्याच गोष्टीने तिला दाराच्या आत ठेवलं होतं, आणि मला पत्ता नव्हता. एकोणीस अनोळखी माणसं माझ्यासाठी थांबली. मी घरातल्या एका माणसासाठी थांबलो नव्हतो.

“आता येतेस?” मी विचारलं. इतक्या हळू आवाजात मी तिला कधी काही विचारलं नसेल.

“आता येणारच,” सारजा म्हणाली. “तुमच्या अन् कडुबाभाऊजींच्या पुढं कुणीतरी लागंलच ना. पण सांगून ठेवते, मी थांबले की थांबायचं. मागून बोलायचं नाय.”

मी प्रेरणाला हाक मारली आणि कळसूबाईनंतरच्या, जानेवारीच्या ट्रेकच्या यादीत नाव लिहायला सांगितलं. ती म्हणाली, खाली गेल्यावर लिहू. मी म्हणालो, नाही, आत्ताच लिही, माझ्यासमोर. तिने फोन काढला आणि मी एकेक अक्षर सांगितल्यासारखं सावकाश सांगितलं, सारजा नानासाहेब शेजूळ, सगळ्यात पुढे.